डोक्याला मार लागलेला माणूस घरी येतो तेव्हा

डिस्चार्जच्या दिवशी घरात हायसं वाटतं. टाके निघालेले असतात, माणूस चार पावलं चालतो, नावानं हाक मारतो. शेजारी म्हणतात, ‘चला, वाचला बिचारा.’ आणि पंधरा दिवसांत घरचे गोंधळून जातात. तोच प्रश्न दहादा विचारतो, अंघोळीचं नाव काढलं की अंगावर येतो, मुलांच्या आवाजानं कान झाकून घेतो, दुपारभर भिंतीकडे बघत बसतो. डॉक्टर म्हणतात स्कॅन सुधारला आहे. मग हे काय?

शरीराची जखम भरली तरी मेंदूचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते. पुढची दोनेक वर्षं ती हळूहळू होत राहते, काहींची त्यानंतरही. हा सगळा काळ बहुतेकांचा घरात जातो, त्यामुळे घर कसं चालतं यावर बरंच काही अवलंबून असतं.

आत काय बिघडलेलं असतं

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. घोडबंदर रोडवर दुचाकी घसरून डोकं रस्त्यावर आपटलं, की कवटी जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू पुढे जातो आणि मागे फिरतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला गुळगुळीत नसतो, हाडाचे कंगोरे असतात. त्यांवर कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग घासला जातो. म्हणून मार मागे लागला तरी इजा पुष्कळदा पुढच्या भागाला होते. रागाला आवर घालणं, कामाची आखणी करणं, सुरुवात करणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं ही कामं याच भागांची.

दुसरी इजा डोळ्यांना दिसत नाही. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे, केसाहून कितीतरी बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्त, सूज, मोडलेलं हाड दिसतं, पण असे ताणलेले तंतू सहसा दिसत नाहीत. ‘स्कॅन नॉर्मल आहे म्हणजे नाटक करतोय’ हा निष्कर्ष इथेच चुकतो.

डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस’ नावाचा आकडा असतो. 1974 मध्ये ग्लासगोत तयार झालेली ही शुद्धीची मोजपट्टी 3 ते 15 अशी असते: 13 ते 15 सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 आणि त्याखाली गंभीर. घरच्यांनी या आकड्याइतकीच आणखी एक गोष्ट टिपावी. अपघातानंतर काही काळ नवीन आठवण मुरतच नाही: सकाळी कोण आलं हे दुपारी आठवत नाही. हा काळ किती लांबला, यावरून पुढच्या सुधारणेचा अंदाज बराच बांधता येतो. कालची गोष्ट आज न सांगता रोज आठवायला लागली, ती तारीख वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

‘सौम्य’ या शब्दानंही फसायला होतं. सौम्य इजेत पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग रोज थोडं थोडं काम वाढवणं हा मार्ग. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवल्यानं उलट बरं व्हायला उशीर होतो. बहुतेक जण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात. त्यानंतरही डोकेदुखी, चक्कर, चिडचिड टिकली तर पुन्हा दाखवा.

थकवा आणि गोंगाट

घरच्यांच्या लक्षात सगळ्यांत उशिरा येणारी गोष्ट म्हणजे थकवा. आपला मेंदू न सांगता चाळणी लावत असतो: पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षाचा हॉर्न बाजूला सारून समोरच्याचं बोलणं तेवढं आत घेतो. इजेनंतर ही चाळणी फाटलेली असते. सगळं एकाच वेळी आत येतं आणि त्याला तोंड देण्यातच ताकद संपते. नऊ वाजता अंघोळ केलेला माणूस साडेनऊला नांगी टाकतो. तो आळशी झालेला नसतो. अंघोळ म्हणजे तोल सांभाळणं, पाण्याचा अंदाज घेणं, काय झालं आणि काय राहिलं हे लक्षात ठेवणं. सकाळची निम्मी शिल्लक तिथेच खर्च होते.

म्हणून अंघोळीला लागून फिजिओची वेळ देऊ नका. मध्ये तासभर मोकळा ठेवा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं काम, मग तेवढीच विश्रांती. विश्रांती म्हणजे पडदा ओढलेली खोली. मोबाइल, टीव्ही, गप्पा काही नाही. उत्तर उशिरा येऊ लागलं, डोळे चोळायला लागला, तेच वाक्य पुन्हा आलं, आवाज चढला, म्हणजे आधीच उशीर झालेला आहे. दोन-तीन दिवस घड्याळ बघून टिपलं तर ही वेळ कधी येते ते कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दहा मिनिटं आधी थांबवा. दुपारची झोप अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत, नाहीतर रात्र जागून निघते.

पाहुण्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं हा अपमान समजतात. एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं, आणि एकानंच बोलायचं. पाहुणे आत येण्याआधी दारातच सांगा: प्रश्न विचारू नका, अपघाताचा विषय काढू नका, मोठ्यानं बोलू नका. वाईटपणा घरातल्या एखाद्या काका-मामानं घ्यावा, बायकोवर तो टाकू नये. ठाण्यात दहीहंडी आणि गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा आणि डीजे चुकत नाही. रस्त्याकडची खोली सोडून आतल्या खोलीत झोपवा, कानात फोमचे बोळे ठेवा, किंवा विसर्जनाच्या दोन रात्रींपुरतं शांत वस्तीतल्या नातेवाइकांकडे न्या. नवी जागा पुन्हा गोंधळात टाकते, म्हणून त्याची उशी, चादर आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर न्या.

‘ओळख बघू मी कोण’ हे विचारू नका

प्रेमापोटी प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि तो घात करतो. इजा झालेल्या मेंदूला चुकीचं आणि बरोबर वेगळं ठेवणं जड जातं. त्यानं अंदाजानं ‘शोभाताई’ म्हटलं की पुढच्या वेळी तेच चुकीचं नाव आधी वर येतं. चूक होऊ न देता शिकवायचं: ‘मी सुनंदा मावशी, पुण्याहून आले.’ पाच मिनिटांनी पुन्हा, बोलण्याच्या ओघात: ‘सुनंदा मावशीनं तुझ्यासाठी लाडू आणलेत.’ परीक्षा न घेता उत्तर पुरवत राहायचं आणि हळूहळू आधार काढायचा.

पलंगावरून दिसेल अशा जागी पांढरा बोर्ड लावा. वर वार आणि तारीख, खाली ‘आपण घरी आहोत, नेरूळ’, त्याखाली आजच्या तीनच गोष्टी. सात लिहिल्या तर एकही वाचली जात नाही. चष्मा, मोबाइल, पाकीट यांना एकच डबा आणि एकच जागा. औषधांसाठी वार छापलेली डबी घ्या. ती भरायचं काम घरच्यांनी करायचं. मोबाइलचा गजर वाजल्यावर डबी उघडायचं काम त्याचं.

कधीकधी तो ठामपणे सांगतो, ‘सकाळी ऑफिसला जाऊन आलो.’ हे खोटं बोलणं नाही. आठवणीत पडलेलं भोक मेंदू स्वतःहून बुजवतो आणि ते त्याला खरंच वाटतं. वाद घातला तर संध्याकाळ जाते. ‘आज आपण घरीच होतो, ऑफिसला सुट्टी घेतली आहे. चल, जेवायला बसू.’ एवढं बोलून पुढे जायचं.

एक कप चहा

फिजिओचे व्यायाम लागतातच, पण हाताचं, डोक्याचं आणि धीराचं काम एकत्र करून घ्यायला चहासारखं साधन नाही. पहिल्या आठवड्यात संपूर्ण चहा करायला सांगू नका. शेवटचं पाऊल आधी द्या: तुम्ही केलेला चहा त्यानं गाळायचा. कप ट्रेमध्ये, गाळणं कपावर, पातेलं अर्धंच भरलेलं आणि उकळी बसलेलं. काम संपतं तेव्हा हातात चहा असतो. पूर्ण केल्याचं समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. ते जमलं की त्याआधीचं पाऊल, दूध घालणं. मग साखर-पत्ती. अगदी शेवटी गॅस पेटवणं.

सामान एका ट्रेमध्ये त्याच क्रमानं मांडा, डावीकडून उजवीकडे: मापाचा कप, पाणी, पत्ती, साखर, दूध. डाव्या बाजूकडे लक्ष जातच नसेल, तर ट्रेच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि तिथून सुरुवात करायला सांगा. भिंतीवर पाच ओळी: एक कप पाणी. एक चमचा पत्ती. दोन चमचे साखर. उकळी आल्यावर अर्धा कप दूध. गॅस बंद.

तो मध्येच थांबेल, आणि नेमकं तिथे तुमचा हात पुढे जाईल. जाऊ देऊ नका. मनात दहा आकडे मोजा. मग विचारा, ‘आता पुढे काय?’ तरी नाही, तर कागदाकडे बोट दाखवा. तरी नाही, तर साखरेच्या डब्याकडे. सगळ्यांत शेवटी हात धरून. पुढच्या दिवशी याच शिडीच्या एक पायरी आधी थांबायचा प्रयत्न. बऱ्याच घरांत उलट होतं: माया इतकी की माणसाला भरवलं जातं, बटणं लावून दिली जातात, त्याच्या वतीनं उत्तरंही दिली जातात. मेंदूची नवी वाट वापरल्यानंच रुळते.

स्वयंपाकघरातला एक धोका सांगितलाच पाहिजे. डोक्याच्या मारात वासाच्या नाजूक नसा तुटू शकतात, आणि वास येत नाही हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. गॅस गळला तर त्याला कळणार नाही, नासलेली आमटी तो खाऊन टाकेल. लसूण आणि कॉफी डोळे मिटून ओळखता येते का बघा. येत नसेल तर गॅस गळतीचा अलार्म बसवा आणि फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावा.

राग, हट्ट आणि नुसतं बसून राहणं

रागावलेल्या माणसाला समजावणं म्हणजे त्याच्यावर आणखी शब्द टाकणं. टीव्ही बंद करा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, एकच माणूस थांबा, आवाज खाली आणा, हात लावू नका. पाच-दहा मिनिटांनी काय झालं ते तो विसरलेलाही असतो. तुम्हीही तो विषय उकरू नका. शांत वेळी कारण शोधा: पोट साफ नाही, लघवी तुंबली, लघवीला जळजळ, दात दुखतो, भूक लागली. बोलता न येणाऱ्या रुग्णाचा राग फार वेळा बद्धकोष्ठतेतून येतो. फिटसाठी दिलं जाणारं लेवेटिरासिटाम काहींना चिडचिडं करतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलू शकतात. स्वतः मात्र बंद करू नका, एकदम थांबवलं तर फिट येते. झोपेच्या गोळ्या मनानं आणून देऊ नका, त्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो.

नुसतं बसून राहणं घरच्यांना रागापेक्षाही छळतं. ‘याला काही करावंसंच वाटत नाही.’ करावंसं वाटतं, पण सुरुवात करून देणारी कळ दाबली जात नाही. ‘आज काय करायचं?’ असं मोघम विचारू नका. चपला समोर ठेवा आणि म्हणा, ‘खाली एक फेरी मारून येऊ.’ मात्र नैराश्यही अशा इजेनंतर खूप जणांना येतं. खाणं-झोपणं बिघडलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर ते मनावर घ्या आणि मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.

अंथरुणावरच्या रुग्णासाठी

नाकातल्या नळीनं भरवताना डोक्याकडचा भाग 30 ते 45 अंश उंच हवा, नंतरही तास-अर्धा तास तसाच. नळीवर नाकपुडीपाशी पेननं खूण करा. खूण सरकली असेल तर काही घालू नका, नर्सला बोलवा. एका वेळी साधारण 200 ते 250 मिली, गाळलेलं आणि कोमट, सिरिंज दाबून नव्हे तर धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. पेज नीट गाळली नाही तर नळी तुंबते. दिवसाचं एकूण प्रमाण आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या.

तोंडानं खायला सुरुवात करायची ती गिळण्याची तपासणी झाल्यावरच. लोकांना वाटतं पाणी सोपं. पाणीच सगळ्यांत अवघड, कारण ते वेगानं घसरून श्वासनळीत जातं. पिताना ठसका लागला, किंवा ठसका न लागताही आवाज घरघरीत झाला, तर थांबा.

दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, डोक्याचा मागचा भाग रोज बघा. दाबल्यावर पांढरा न पडणारा लाल डाग ही जखमेची सुरुवात. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही. लुळ्या बाजूच्या हाताला धरून उठवू नका, खांदा निखळतो. आखडलेला सांधा तेल लावून जोर देऊन ओढू नका: मार लागलेल्यांत सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं, आणि ओरबाडून ओढल्यानं दुखणं वाढतं. मांडी किंवा पोटरी एका बाजूची सुजली, गरम लागली, तर मालिश अजिबात नको. रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल, कित्येकदा तो पोटाच्या कातडीखालीच जपतात, तर त्या बाजूवर झोपवू नका आणि उठून बसताना-चालताना डॉक्टरांनी सांगितलेलं हेल्मेट घाला.

तातडीनं न्यायची वेळ

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, उठवूनही न उठणारी गुंगी, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, बुबुळं लहान-मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव: 108 ला फोन. आजी-आजोबांच्या बाबतीत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, साधं पडल्यावर तीन-चार आठवड्यांनीही कवटीखाली रक्त साठलेलं सापडतं. चाल फरफटत झाली, लघवी कपड्यात होऊ लागली, विसरभोळेपणा पुन्हा वाढला, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. मेंदूतलं पाणी तुंबलेलं असू शकतं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, नाकाशी चप्पल किंवा कांदा नाही. पाच मिनिटांपेक्षा लांबली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णालयात न्या.

जिना, कागद आणि लोकल

नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींना आणि ठाण्यात नौपाड्यातल्या कित्येक इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला फिजिओसाठी रोज खाली-वर करू नका. पहिले दोन-तीन महिने तळमजल्यावरचं घर भाड्यानं घेतलं तर बहुधा रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. पुनर्वसनासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वाचा-श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था या दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत. जायचं तर सकाळच्या गर्दीच्या उलट वेळेत जा.

कागदपत्रं पहिल्याच महिन्यात गोळा करा: पोलीस पंचनामा, सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या सीडी. रस्ते अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आणि 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. लोकलमधून पडल्याचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, मुदत एक वर्ष. तिकीट किंवा पास जपा. व्यंग राहिलंच तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. अपघातानंतर शुद्ध हरपलेली असेल आणि बँकेचं खातं एकट्याच्या नावावर असेल, तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. वकिलांशी लवकर बोला.

दारू पूर्ण बंद, डॉक्टर लेखी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि दुसरा मार लागू नये म्हणून शिडीवर चढणंही नाही. लोकलचा सराव मात्र करता येतो. दुपारी बाराच्या सुमारास, नेरूळ ते बेलापूर, घरच्या माणसासोबत. पुढच्या आठवड्यात तोच प्रवास, सोबतचा माणूस डब्याच्या दुसऱ्या टोकाला. मग ट्रान्स हार्बर लोकलनं ठाणे, कारण ठाण्याच्या पुलावर कुठल्या फलाटाकडे वळायचं हे ठरवणं हीच खरी कसोटी. कामावर परत जाताना आठवड्यातून दोन अर्धे दिवस इथून सुरुवात, आणि साहेबांशी आधी बोलून ठेवलेलं असावं.

खिशात एक चिठ्ठी कायम हवी: नाव, ‘माझ्या डोक्याला मार लागला होता, मला उत्तर द्यायला वेळ लागतो’, चालू औषधं, दोन फोन नंबर. आणि रात्रंदिवस जी व्यक्ती हे सगळं करते, तिच्यासाठी आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ दुसऱ्यानं घरी बसायचं. दीर, नणंद, शेजारी, कोणीही. पण वार आणि वेळ बोर्डावर लिहिलेली असावी, म्हणजे तिला दर वेळी विचारावं लागत नाही.